एक नंबर, एक मत: इंदूरच्या एका मराठी मंडळाची निवडणूक

इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका मराठी मंडळाने आपली त्रैवार्षिक निवडणूक पहिल्यांदाच मोबाइलवरून घ्यायचं ठरवलं. मतदार यादी तयार होईपर्यंत सभासद बायकांपैकी निम्म्याहून अधिक यादीबाहेर गेल्या होत्या. तसा ठराव कोणी केला नव्हता, तसा हेतूही कोणाचा नव्हता. निवडणूक समितीत आम्ही तिघं होतो: कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि मी. मंडळाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

मंडळ जुनं आहे. एकमजली वास्तू, पुढे ओटा, आत सभागृह आणि रस्त्याच्या बाजूला वाचनालय. गणेशोत्सव, व्याख्यानं, भगिनी मंडळाचं शनिवारचं भजन एवढं नियमाने चालतं. नोंदणी मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खालची. आजीव सभासद सहाशेच्या घरात.

इतकी वर्षं निवडणूक म्हणजे आमसभेत एक नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, टाळ्या, आणि मग पोहे. कार्यकारिणी बिनविरोध. त्यामुळे मतदार यादी अशी कधी कसाला लागलीच नव्हती. मत मोजायची वेळच आली नाही, तर मत कोणाला आहे हे कोण तपासणार?

या वेळी दोन पॅनल उभी राहिली, कारण इमारत. एका गटाचं म्हणणं, जुनी वास्तू पाडून तीन मजले बांधू, तळमजल्यावरचा हॉल लग्नकार्यांना भाड्याने देऊ, मंडळाचा खर्च कायमचा सुटेल. दुसऱ्या गटाचं म्हणणं, दुरुस्ती करा आणि वाचनालय आहे तिथेच तळमजल्यावर राहू द्या; तिथे येणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत, ती जिने चढणार नाहीत. दोन्ही बाजूंना मंडळाबद्दल तितकीच आस्था होती, आणि म्हणूनच वाद तापला.

मोबाइलवरच्या मतदानाची मागणी आली बाहेरगावच्या सभासदांकडून. पुणे, बंगळुरू, गुरुग्राम, काही परदेशात. आई-वडिलांनी त्यांना कॉलेजात असतानाच आजीव सभासद करून ठेवलं होतं. 'इमारत निधीला पैसे आमच्याकडून मागता, मग मत द्यायला इंदूरला यायची अट का?' हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यात कोरमचं जुनं दुखणं. आमसभा अर्धा तास तहकूब करून तेवढ्याच माणसांत पुन्हा भरवायची, ही दर वर्षीची रीत. कोविडच्या काळात ऑनलाइन सभा घेतली तेव्हा एरवीपेक्षा कितीतरी जास्त सभासद दिसले होते. कार्यकारिणीने उत्साहाने ठराव केला, ओळखीतल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने कमी पैशात पोर्टल बनवून दिलं. नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येईल, तो टाकायचा, मत द्यायचं. आमची समिती नेमली गेली ती यानंतर.

अडचण

मंडळाचं सभासद रजिस्टर फुलस्केप आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं. रकाने पाच: अनुक्रमांक, नाव, पत्ता, दूरध्वनी, पावती क्रमांक. दूरध्वनीचा रकाना घरात एकच काळा फोन असायचा त्या काळातला. साहजिकच एका घरातल्या सगळ्या सभासदांपुढे एकच नंबर. पुढे लँडलाइन गेल्या, तेव्हा कोणीतरी जुना नंबर खोडून वर मोबाइल नंबर लिहिला, तोही बहुतेक घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचा. नावाच्या रकान्यात पुरुषांची पूर्ण नावं. बायकांच्या कितीतरी नोंदी नुसत्या 'सौ.' आणि आडनाव.

हे सगळं एक्सेलमध्ये उतरवलं गेलं. पोर्टलला दर मतदारामागे वेगळा नंबर हवा होता. तसा तो नव्हता म्हणून शीट अपलोड होईना. तेव्हा नोंदी भरणाऱ्या मुलाने नंबरांनुसार शीट लावली आणि 'डुप्लिकेट काढा' हा पर्याय दाबला. दर नंबराची पहिली ओळ राहिली, बाकीच्या गेल्या. पहिली ओळ घरातल्या ज्याने आधी सभासदत्व घेतलं त्याची. नंतर आम्ही रजिस्टर आणि यादी शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा एका घराच्या चार ओळी लागोपाठ होत्या. आजोबा, त्यांच्याखाली 'सौ.' आणि आडनाव, मग मुलगा, मग सून. चौघांपुढे तोच दहा आकडी नंबर. यादीत उरले होते आजोबा, आणि ते वारून दोन वर्षं झाली होती. त्या घरातल्या तीन जिवंत सभासदांना मत नव्हतं.

स्क्रीनवर मात्र 'यादी यशस्वीरीत्या अपलोड झाली' असा हिरवा संदेश. त्या मुलाला मी जराही दोष देणार नाही. त्याला दिलेलं काम होतं शीट चढवण्याचं, ते त्याने केलं. मतदार म्हणजे कोण, हा आमसभेचा प्रश्न होता, आणि तो एका बटणापर्यंत घरंगळत गेला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते भजनानंतरच्या चहाला. नोंदणी झाल्याचा संदेश आदल्या दिवशी गेला होता. 'तुला आला का ग?' असं एकमेकींना विचारता विचारता निम्म्या जणींना आला नसल्याचं निघालं. त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळं मंडळ बाई म्हणतं, दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्या. प्लॅस्टिकच्या पाकिटात १९८० च्या दशकातली आजीव सभासदत्वाची पावती. पावतीवर त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव, शाईची सही, मंडळाचा गोल शिक्का. रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर मुलाचा. मुलगा पुण्यात.

"पैसे माझ्या पगारातले, पावती माझ्या नावाची, आणि ओटीपी पुण्याला?" बाईंनी विचारलं.

मुलाने फोनवर सहज सुचवलं, "आई, आकडा आला की मी तुला कळवतो ना." त्याच्या मनात काही नव्हतं. पण आम्हा तिघांना तेव्हा नीट कळलं, की ओटीपी फोन कोणाचा ते सांगतो, माणूस कोण ते सांगत नाही. ज्या घरात फोन एकाच्या हातात, तिथे मतही त्याच्याच हातात.

हे आधीही घडलं आहे, आणि याच मुलखात

माझा मुद्दा समितीला पटवताना मी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा आधार घेतला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीची यादी बनवताना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. मतदार म्हणजे स्वतःच्या नावाचा माणूस, हा त्यांचा आग्रह. देशात बायका मतदार होत्या आठ कोटींच्या आसपास. त्यांतल्या सुमारे २८ लाख जणींनी नाव सांगितलं नाही आणि त्या यादीतून वगळल्या गेल्या. ही नावं मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत इथली. मध्य भारत म्हणजे तेव्हाचं आपलंच राज्य: हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर.

सेन यांचा निर्णय कठोर होता, तरी मला तो योग्य वाटतो, कारण तो उघडपणे घेतला गेला, त्याचं कारण सांगितलं गेलं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत नावं मिळवायला वेळ मिळाला. आमच्याकडे रकान्याने घेतलेला निर्णय कोणी घेतलाच नव्हता, म्हणून त्याबद्दल कोणाला जाबही विचारता येत नव्हता.

आणखी दोन गोष्टी

यादीच्या निमित्ताने आम्ही पोर्टल पहिल्यांदा बारकाईने पाहिलं. काकांनी कोर्टातल्या सवयीने विचारलं, "मत साठवलं जातं कुठे?" सॉफ्टवेअरवाल्याने मागचं पान उघडून दाखवलं. मोबाइल नंबर आणि त्याने दिलेलं मत एकाच ओळीत. ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड, त्याला कोणी कोणाला मत दिलं ते नावानिशी वाचता येणार. आमची नियमावली मतदान गुप्त असावं म्हणते. हे जाणूनबुजून केलं नव्हतं. पोर्टल मुळात सर्वेक्षणासाठी बनवलं होतं आणि सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याचा नंबर हवा असतो.

दुसरी गोष्ट मतपत्रिकेच्या मांडणीची. सर्वांत वर ठळक रंगात 'पूर्ण पॅनल निवडा' असं बटण होतं. एकेक उमेदवार निवडायचा तर खाली सरकत जायचं, आणि साध्या फोनवर पहिल्या चार-पाच नावांपुढे बोट ओढावं लागायचं. वेळ वाचावा हा उद्देश. पण त्यामुळे इमारतीबद्दल एका गटाशी आणि वाचनालयाबद्दल दुसऱ्या गटातल्या एखाद्या ताईंशी सहमत असलेल्या सभासदाला आपलं खरं मत द्यायला जास्त खटपट पडणार होती.

सोयीसाठी केलेली मांडणी कुठवर जाऊ शकते, याचं उदाहरण अमेरिकेच्या २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत आहे. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून मतपत्रिकेवरची अक्षरं मोठी केली गेली. नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर आली आणि भोकं पाडायची जागा मधोमध. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांना मत द्यायला निघालेल्या अनेकांचं भोक रिफॉर्म पार्टीचे पॅट ब्यूकॅनन यांच्यापुढे पडलं. त्या काउंटीत ब्यूकॅनन यांना ३,४०० च्या वर मतं मिळाली. फ्लोरिडा राज्यात गोर हरले ते ५३७ मतांनी.

तोललेले पर्याय

ऑनलाइनच ठेवायचं आणि बायकांकडून वेगळे नंबर मागायचे, हा पहिला पर्याय. चार्टर्ड अकाउंटंट दादांचा कल इकडे होता. बाहेरगावच्यांना शब्द दिला आहे, पैसे खर्च झाले आहेत, दुरुस्ती शक्य आहे, ही त्यांची बाजू. यावर भगिनी मंडळाच्या कार्यवाह वहिनींनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कितीतरी जणींकडे फोन आहे, पण रिचार्ज मुलगा करतो, ओटीपी सून वाचून दाखवते, आणि मत देताना शेजारी घरातलं कोणीतरी असणारच. वेगळा नंबर मिळाला म्हणून एकांत मिळत नाही.

दुसरा पर्याय आमसभेत हात वर करून मतदान. यात गुप्तता नाही, आणि ज्याच्या घरी मुलगी दिली त्याच्या पॅनलविरुद्ध हात कोण वर करणार? तो लगेच बाजूला पडला.

तिसरा, कागदी मतपत्रिका: इंदूरातल्यांना सभागृहात, बाहेरगावच्यांना टपालाने. खर्चिक आणि वेळखाऊ, शिवाय परदेशातल्यांना जवळजवळ अशक्य.

चौथा, दोन्ही मिसळून: इंदूरात कागद, बाहेरच्यांना ऑनलाइन. सर्वांत जास्त वेळ आम्ही यावर अडलो, कारण वरवर तो सगळ्यांना न्याय देणारा दिसत होता. काकांनी हरकत घेतली, की मोजणी कोणाला तपासता येईल? कागद दोन्ही पॅनलचे प्रतिनिधी हातात घेऊन पाहतील. ऑनलाइन मतांसाठी सॉफ्टवेअरवाला म्हणेल ते मानावं लागेल. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये मतदान यंत्रांबद्दल नेमकं हेच धरून निकाल दिला: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसताना तपासता आले पाहिजेत. आपल्याकडेही ईव्हीएमला कागदाची जोड द्यावी लागलीच. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र, पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि आता मतदाराला आपली चिठ्ठी सात सेकंद दिसते. आमच्या मंडळात दोन गट एकमेकांकडे संशयाने पाहत होते. हरलेल्याला निकाल मानता येईल अशीच पद्धत हवी होती. दोनास एक अशा बहुमताने समितीने तिसरा पर्याय घेतला.

काय केलं

मतदान महिनाभर पुढे ढकललं. यादी हातात धरून भगिनी मंडळाच्या बायका घरोघर गेल्या. नव्या अर्जात आम्ही दोन रकाने वेगळे केले: 'सभासदाचं स्वतःचं पूर्ण नाव' आणि 'निरोपासाठी नंबर, घरातल्या कोणाचाही चालेल'. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एवढासा बदल. नंबर पुन्हा निरोपापुरता राहिला, ओळख नावाकडे आली. दोन-तीन आजींनी 'राहू दे ग, ह्यांनी दिलं म्हणजे मी दिलंच' असं सांगितलं. त्यांची नावं आम्ही तरीही पूर्ण लिहून यादीत ठेवली. यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. यादी ओट्यावर लावली, हरकती मागवल्या, वारलेल्यांची नावं काढली.

मतदानाची वेळ कार्यकारिणीने नेहमीप्रमाणे संध्याकाळची सुचवली होती. वहिनींनी दुपार मागितली, घरातली कामं आटोपून स्वयंपाकाच्या आधीची. शनिवारी दुपार आणि रविवारी सकाळ, असं ठरलं.

मतपत्रिकेवर पॅनलची नावं काढून टाकली. पदवार, मराठी वर्णानुक्रमे, मोठ्या टायपात, सगळं एकाच पानावर. खाली 'वरीलपैकी कोणी नाही'. ही मागणी तरुण सभासदांची होती, आणि इंदूरात ती होणारच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर इथे नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही'ला, २,१८,६७४ मतं पडली होती. नाकारायचा हक्क त्याआधीही होता, निवडणूक संचालन नियमांतल्या ४९-ओ खाली. पण त्यासाठी मतदान केंद्रावर अधिकाऱ्याला तसं सांगून रजिस्टरवर सही करावी लागे, म्हणजे गुप्तता संपली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर त्याच हक्काला यंत्रावर बटण मिळालं. सही करून नकार द्यायला त्या दोन लाखांतले किती पुढे आले असते?

सर्वांत जास्त वाद झाला तो वेगळ्या चिठ्ठीवर. बाईंनी सुचवलं, इमारतीचा प्रश्न उमेदवारांपासून वेगळा काढा. गुलाबी कागदावर स्वतंत्र विचारा, पाडून बांधायचं की दुरुस्ती. दोन्ही पॅनलांनी विरोध केला, कारण दोघांनाही वाटत होतं की इमारतीच्या जोरावर आपली माणसं निवडून येतील. शेवटी विशेष आमसभा घेऊन चिठ्ठी बंधनकारक धरायचा ठराव झाला.

बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टाने दोन लिफाफे गेले. आतल्यावर काही लिहायचं नाही, बाहेरच्यावर नाव आणि सही.

निष्पत्ती

शनिवारच्या दुपारी ओट्याखाली चपलांचा ढीग लागला. त्या दिवशी बायका पुरुषांपेक्षा जास्त आल्या. मोजणी दोन्ही पॅनलच्या डोळ्यांदेखत झाली आणि निकालावर एकही लेखी हरकत आली नाही.

नव्या इमारतीच्या पॅनलला अध्यक्षपदासह बहुतेक जागा मिळाल्या. गुलाबी चिठ्ठीत मात्र कौल दुरुस्तीला गेला. सभासदांना कारभार पाहायला ही तरुण माणसं हवी होती आणि वास्तू पाडायची नव्हती. पोर्टलवरच्या एका बटणात ही दोन मतं वेगळी दिसलीच नसती. पॅनल निवडून आलं म्हणजे पाडकामाला मंजुरी मिळाली, असाच अर्थ निघाला असता. नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक कडाक्याची झाली. एकाने राजीनाम्याची भाषा केली. पण त्यांनी ठराव पाळला. वाचनालय तळमजल्यावरच आहे, ओट्याला उतार बांधायचं काम चालू आहे.

किंमत बाहेरगावच्यांनी मोजली. बरेच लिफाफे मोजणीनंतर पोचले आणि न उघडता ठेवावे लागले. परदेशातल्या सभासदांना मतच देता आलं नाही. त्यांचा राग खरा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी जे लिहिलं त्यातलं पुष्कळ मला बरोबर वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पद्धत ठरवण्याआधी यादी तपासायला हवी होती. कार्यकारिणीने उलटा क्रम घेतला: आधी पोर्टल, मग त्यात बसेल अशी यादी. रजिस्टरची चार पानं जरी कोणी आधी उघडून पाहिली असती, तरी एक नंबर म्हणजे एक मतदार ही अट आपल्याकडे चालणार नाही हे दिसलं असतं.

सॉफ्टवेअरवाल्याला काम सांगताना फक्त किंमत आणि तारीख सांगितली गेली. मत आणि नंबर वेगळे साठवावेत, हे त्याला कोणी लिहून दिलं नाही. त्याला तरी कसं कळणार? अशा कामाचा कागद समितीने करावा आणि चालू करण्याआधी पाच-सहा वेगवेगळ्या सभासदांच्या हातात देऊन बघावं: एक आजी, एक बाहेरगावचा मुलगा, साधा फोन वापरणारे एक काका. आमच्या समितीची नेमणूक पोर्टलनंतर झाली. ती आधी व्हायला हवी होती.

टपालासाठी महिना कमी पडला. पंचेचाळीस-पन्नास दिवस ठेवले असते आणि उमेदवारी अर्जांची मुदत आधी संपवली असती, तर देशातल्या देशात तरी लिफाफे वेळेत आले असते. परदेशातल्यांबाबत दादांचं म्हणणं आजही असं आहे की आपण त्यांना सोडून दिलं, आणि याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही.

इमारतीचा प्रश्न मुळात निवडणुकीच्या दिवसापर्यंत यायलाच नको होता. वर्षभर आधी आमसभेत तो सुटता, तर पॅनल इमारतीवरून पडली नसती आणि कदाचित अध्यक्षपदावर वेगळंच नाव आलं असतं.

आता नियमावलीत दुरुस्तीचा मसुदा तयार होतो आहे. दादांनी बाहेरगावच्या सभासदांसाठी ऑनलाइन मतदानाचं कलम घातलं आहे. मत आणि ओळख वेगळी साठवायची, मोजणीआधी बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्यायची, अशा अटींसह. बाईंनी त्यावर एक वाक्य वाढवायला सांगितलं आहे: इंदूरात राहणाऱ्या कोणत्याही सभासदाला मतदानासाठी फोनची सक्ती असणार नाही. दादांना ते वाक्य मान्य आहे. वाद उरला आहे तो इंदूरात राहूनही अंथरुणाला खिळलेल्या सभासदांचा. त्यांच्या घरी मतपेटी न्यायची, की त्यांनाही ऑनलाइनची मुभा द्यायची, हे येत्या आमसभेत ठरेल.